मिठाचा डबा कोण हलवतं?

आळे,
१८ जानेवारी २०२४

प्रिय मित्र सत्तार यास,
कुंडलिकचा सप्रेम नमस्कार.

दत्तजयंतीच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट केली. ती मनातून जात नाही म्हणून लिहायला बसलो. मढच्या बाजूला गेणभाऊंची वाडी आहे, तिथला सप्ताह. ज्यांनी मला स्वयंपाक शिकवला त्यांच्या गावचं काम, म्हणून सव्वीस वर्षं मी ते चुकवलं नाही. त्या दिवशी चुलाण पेटवलं, भाताचं आणि आमटीचं आधण चढवलं, लापशीची भरड भाजून झाली. आणि आठच्या सुमाराला, पंगतीला चार तास असताना, झारा मदतनीस सुभाषच्या हातात दिला आणि चुलाणाकडे पाठ करून दगडावर बसलो.

सुभाष म्हणाला, "आण्णा, आमटी बगायची न्हाई का?"

मी म्हणालो, "तूच बघ."

आचाऱ्याने पेटत्या चुलाणाकडे पाठ करायची नसते, हे मीच हाताखालच्यांना शिकवत आलो. त्या दिवशी मात्र उठवेना.

सत्तार, मला हे काम आता सोडावंसं वाटतं. धुराने डोळे चुरचुरतात, गुडघे धरतात. बरोबरची माणसंही मनासारखी राहिली नाहीत. मिठाचा डबासुद्धा जागेवर सापडत नाही, तीन वर्षं माझी हीच कुरकूर आहे. पंधरा वर्षं माझ्याबरोबर बेसनाच्या मासवड्या थापणारी साळुबाई यंदा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे त्या दिवशी आणखीच ओढाताण झाली.

तू कल्हईचा धंदा सोडलास तेव्हा पंचेचाळिशीचा होतास. मला एवढंच सांग, सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू काय केलंस?

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही. मेसेज केला तर तो तुझ्या लेकीच्या, अलिझाच्या मोबाईलवर जातो आणि घरभर वाचला जातो. हे घरभर वाचण्यासारखं नाही.

तुझा,
कुंडलिक


जुन्नर,
३० जानेवारी २०२४

कुंडलिकभाऊ, सलाम.

पत्र मिळालं. पोस्टमनने दारात काहीतरी विचारलं, मी हसून मान हलवली. तो बराच वेळ थांबला. नंतर गुलशनने पाटीवर लिहून सांगितलं, की तो प्यायला पाणी मागत होता. असं माझं चाललंय. जन्मभर लोकांच्या पातेल्यांचे पोचे ठोकून काढले. पातेली सरळ झाली, कान गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं विचारतोस. चहा प्यालो आणि नर्सरीत कामाला गेलो. बस. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, टोमॅटोचं बी टोचायचं, पाणी मारायचं. रोपं काही हाका मारत नाहीत, त्यामुळे आमचं जमतं.

पण माझं आणि तुझं सारखं नाही. तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर गेली आणि स्टील आलं, तेव्हा माझं काम मेलं. मेलेलं काम सोडायला काय लागतं? तुझं काम जिवंत आहे. लोकांनी लग्नं करायची थांबवली का? मला वाटतं, तुला त्या केटरिंगवाल्यांनी बिथरवलंय. पांढऱ्या टोप्या घालून पनीर वाढतात आणि माणसाला ताट हातात घेऊन भिकाऱ्यासारखं उभं करतात. त्यांच्यामुळे तू चुलाणाकडे पाठ करतोस होय? थकला असशील. भीमाशंकरला जाऊन ये, आठ दिवस झोप काढ.

आता माझी बातमी. अलिझाचं लग्न ठरलं. मुलगा नारायणगावचा, फुरकान नाव, फ्रिज दुरुस्त करतो. एकोणीस मे, रविवार. आमच्या लोकांचं जेवण आमचा माणूस करील. पण माझी निम्मी ओळख शेतकऱ्यांची, त्यात कितीक माळकरी. त्यांची पंगत तुझ्याकडे. मासवडी आणि रस्सा. अलिझा झाली तेव्हा तूच घातली होतीस पंगत, आता ती सासरी जाताना दुसऱ्याच्या हातचं कसं चालेल? हे मी विचारत नाही, सांगतोय.

सत्तार


आळे,
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय सत्तार,

अलिझाच्या लग्नाचं वाचून आनंद झाला. पोर गुणाची आहे, सुखात राहील.

पण एकोणीस मेला मी इथल्याच एका लग्नाच्या कामाला शब्द देऊन बसलो आहे. तो मोडता येणार नाही. नारायणगावात बरे आचारी आहेत, म्हणशील तर नाव कळवतो. लग्नाला येणं त्या दिवशी जमेल असं दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. गुलशनवहिनींना नमस्कार.

कुंडलिक


जुन्नर,
२ मार्च २०२४

कुंडलिक,

गेल्या रविवारी बाजारात सुभाष भेटला. ओळखीच्या माणसाचं बोलणं मी ओठ बघून समजतो, हे तुला माहीत आहे. त्याला विचारलं, एकोणीस मेचं तुमचं काम कुणाकडे? तो म्हणाला, "कुटलं काम? मे महिन्यात आण्णांनी एक बी तारीक धरली न्हाई." मी त्याला पुन्हा बोलायला लावलं. ओठ तेच म्हणाले.

मला वाईट वाटायचं ते वाटलं. हल्ली माणसं एकमेकांच्या घरचं पाणी पिताना आजूबाजूला बघतात, हे मला कळतं. तुझी कामं देवळांची, सप्ताहांची. सत्तारच्या दारात चुलाण पेटवलं तर ती हातची जातील, असं तुला कुणी बोललं असेल. तसं असेल तर तसं लिही. मी समजून घेईन. पण खोटी तारीख लिहू नकोस. चौथीपर्यंत आपण एका पाटीवर गणितं सोडवली, तुझं चुकलेलं उत्तर मला लांबून ओळखता येतं.

गुलशनला मी काही सांगितलं नाही. तू येणार म्हणून ती परसातलं चुलाण सारवतेय. अलिझाच्या वेळी तू बांधलेलं. तेवीस वर्षं झाली, एक वीट हलली नाही. रोज पाणी त्याच्यावरच तापतं आणि धूर सरळ वर जातो, घरात शिरत नाही. आता ते चुलाण बघितलं की मला घरात जावंसं वाटतं.

सत्तार


आळे,
६ मार्च २०२४

प्रिय सत्तार,

तुझं पत्र आलं तेव्हा देवपूजा चालली होती. गंध लावायचं तसंच ठेवून वाचलं. मग वाटलं, आधी तुला खरं सांगावं, पूजा नंतर.

मला वास येत नाही. चव कळत नाही. दुसऱ्या लाटेत चौदा दिवस दवाखान्यात होतो, तेव्हा गेली ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले येईल, वाट बघा. पावणेतीन वर्षं वाट बघतोय. गुळाचा खडा तोंडात टाकला तर काहीतरी विरघळतंय एवढंच कळतं. घरातसुद्धा कुणाला माहीत नाही. जेवताना मी "झकास" म्हणतो.

तू म्हणशील, आचाऱ्याचं असं झालेलं लपतं कसं? आमची रीत तुला माहीत आहे. देवाचा स्वयंपाक नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचा नाही. गेणभाऊंनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं आणि मी ती रीत लग्नकार्यालाही पाळली. लोक कौतुकाने सांगायचे, कुंडलिक न चाखता करतो. पातेल्यावर तोंड नेलं की वाफेवरून मला मीठ समजायचं. आता वाफ गरम लागते, दुसरं काही सांगत नाही. पण न चाखण्याची रीत होतीच, तिच्या आड मी लपलो. देवासाठी पाळलेली रीत मी लपायला वापरली, हे मला रात्रंदिवस टोचतं.

त्या दिवशी सकाळी आमटीत मीठ घातलं. थोड्या वेळाने आठवेना, घातलं की नाही. डबा पुढ्यातच होता. मुठी मोजून घातलं. हात झटकताना पहिलं घातलेलं आठवल्यासारखं झालं. नाक काही सांगेना. कुणाला विचारावं तर सगळं उघडं पडेल. म्हणून मी पाठ करून बसलो. गुडघे दुखत होते म्हणून नाही.

तोच नैवेद्य दत्ताला दाखवला गेला. मग सातशे माणसांची पंगत बसली. कुणी एक शब्द बोललं नाही. प्रसादाला नाव ठेवत नाहीत. फक्त पाण्याचे जग थांबत नव्हते. बाराला भरून आलेला टँकर दोनला संपला. एक म्हातारी भातात चमचाभर आमटी कालवून, डोळे मिटून घास गिळत होती. लोकांनी पत्रावळ भिरकावली असती तर मी सोसलं असतं. मान खाली घालून जेवणारी ती माणसं मला सोसली नाहीत.

तुझ्या दारात असं झालं तर? तिथे प्रसाद नाही, तिथे माणसं बोलतील, आणि ते अलिझाला सासरपर्यंत पुरेल. म्हणून तारीख खोटी लिहिली. धर्म माझ्या मनात आला नव्हता. तुझ्या मनात आला याचं वाईट वाटलं, पण तो यायला जागा मीच ठेवली.

काम सोडावंसं वाटतं हे मात्र खरंच लिहिलं होतं. सोडून करू काय? शेत भावाकडे आहे, ते त्याच्यापुरतंच. शिक्षण गावच्या शाळेचं. हाताला तीस वर्षं एकच वळण. एकोणपन्नासाव्या वर्षी मला दुसरं काय येणार?

कुंडलिक


जुन्नर,
२० मार्च २०२४

कुंडलिक, माझ्या भावा,

मला माफ कर. पत्र तीनदा वाचलं. रोज्याचे दिवस आहेत, खोट्यावर रोजा धरवत नाही, म्हणून माझंही एक ऐक.

दुसऱ्या दिवशी नर्सरीत गेलो असं मी लिहिलं. ते सव्वा वर्षाने. त्याआधी रोज सकाळी भाता, कथील आणि नवसागराची पुडी पिशवीत घालून मी घरातून निघायचो, शिवनेरीच्या पायथ्याला एका झाडाखाली बसायचो आणि चारला परत यायचो. काम होतं कुठे? हात काळे दिसावेत म्हणून येताना कोळसा चोळायचो. गुलशन हात धुवायला गरम पाणी द्यायची. एकदा तिने माझ्यापुढे पाटी धरली. तिच्यावर लिहिलं होतं, "कोळसा विकत आणू नका. चुलीतला घेत जा." तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मला अपमान वाटू नये म्हणून सव्वा वर्ष पाणी तापवत राहिली. तुझ्याच चुलाणावर.

आपल्याला वाटतं आपण लपवतो. बायामाणसं कधीच ओळखून असतात. तू एकदा साळुबाईला विचार. पंधरा वर्षं ती तुझ्या शेजारी बसते आणि तिला कळलं नाही, हे मला पटत नाही.

आता कामाचं. तुला दुसरं काही येत नाही, तर माझ्या परसात तेवीस वर्षं उभं आहे ते काय आहे? अरे, तू प्रत्येक कामाला आधी चुलाण रचतोस. वारा बघतोस, तोंड कुठे, जाळाला वाट कुठे, धूर कुठून काढायचा ते ठरवतोस. बाकीच्यांच्या चुलाणावर बाया खोकतात, तुझ्यावर खोकत नाहीत. जाळ बघायला नाक लागतं का?

लग्नाला ये. स्वयंपाक साळुबाई करील, चुलाण तू रच, आणि मग हात धुऊन माझ्याशेजारी जेवायला बस. धुराड्याचा पत्रा मात्र माझ्याकडून ठोकून मागू नकोस. मी आता हातोडी धरणार नाही, तू मित्र असलास तरी.

सत्तार


आळे,
२ एप्रिल २०२४

प्रिय सत्तार,

साळुबाईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "बाई, माझं नाक गेलंय, तुला माहीत होतं का?"

तिने सूप खाली ठेवलं. "आण्णा, मिटाचा डबा कोण हलवतंय म्हून तुमी तीन वर्सं बोंबलताय. मीच हलवती. तुमी एकदा मीट टाकलं की डबा माज्या पाटीमागं. दुसऱ्यांदा हात गेला की डबा सापडायचा न्हाई, तुमी शिव्या देत दुसऱ्या कामाला लागायचा. लई बरं पडायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हून थांबले व्हते. लई वाट बगायला लावली राव."

सत्तार, मला वाटत होतं माझ्या हाताला माप बसलं आहे म्हणून तीन वर्षं निभावलं. ते माझं माप नव्हतंच. ती एक दिवस नव्हती, त्या दिवशी डबा जागेवर राहिला.

एकोणीस मेला आम्ही येतो. मासवड्या साळुबाईच्या, चुलाण माझं. गेणभाऊंनी दिलेला झाराही मी तिलाच देणार आहे. पण त्यांच्या वाडीत, त्या देवापुढे खरं बोलल्याशिवाय तो द्यायचा नाही असं मनाशी धरलं आहे. त्याचा धीर अजून होत नाही.

कुंडलिक


जुन्नर,
९ सप्टेंबर २०२४

कुंडलिकभाऊ, सलाम.

अलिझा सुखात आहे. सासऱ्याला अजून तो रस्सा आठवतो. फुरकान म्हणतो, आमच्या घरात आता फ्रिजपेक्षा मासवडीवर जास्त बोलणं होतं. साळुबाईला सांग.

तुझी खबर मला सुभाषकडून मिळते. एका गुऱ्हाळवाल्याचं चुलाण बांधलंस, मग तळेघरला गेलास म्हणे. पण आणखीही एक मिळाली. लोक म्हणतात, गुडघे गेले म्हणून कुंडलिकने स्वयंपाक सोडला. आणि तू "हो, गुडघेच" म्हणतोस. गुडघ्यांवर उकिडवा बसून विटा रचणारा माणूस हे बोलतो आणि लोकांना पटतं, यावरून लोक किती भले आहेत ते बघ.

सप्ताह डिसेंबरात आहे. "धीर होत नाही" हे तू शेवटचं एप्रिलमध्ये लिहिलंस. मी सव्वा वर्ष झाडाखाली बसलो होतो. तिथे सावली चांगली असते, पण तिथे काही उगवत नाही.

सत्तार


आळे,
१७ डिसेंबर २०२४

प्रिय मित्र सत्तार यास,
सप्रेम नमस्कार.

तुला उशिरा लिहितो, कारण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

तळेघरच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोन चुलाणं बांधली. एसटी गेली होती, शेवटचे सहा किलोमीटर थापी आणि ओळंबा घेऊन चालत गेलो. तिथल्या कोंडाबाई म्हणून स्वयंपाकीण आहेत, त्यांना नाचणीच्या भाकरी थापताना पदर तोंडावर घ्यायची सवय. चुलाण पेटवलं तरी पदर तोंडावरच. मी म्हणालो, "बाई, धूर वर गेला." त्यांनी पदर काढला, वर बघितलं, आणि कितीतरी वेळ धुराड्याकडेच बघत राहिल्या. मला तीस वर्षांत पंगतीने इतकं समाधान दिलं नव्हतं असं म्हटलं तर देव रागावेल, म्हणून म्हणत नाही.

आता वाडीचं. सप्ताहाचं चुलाण मी रचलं. स्वयंपाकाला साळुबाई आहे असं गावाला आधीच कळवलं होतं. थोडी कुजबुज झाली, सप्ताहाच्या चुलाणावर बाई कधी नव्हती म्हणून. गेणभाऊ म्हणाले, "बाईच्या हातचं खाऊनच मोटे झालात ना?" मग कुजबुज थांबली. त्यांची नव्वदी जवळ आली, पण आवाज तसाच आहे.

त्यांची एक रीत आहे. नवा आचारी पहिल्यांदा झारा धरतो, तेव्हा नैवेद्यानंतरचा पहिला घास जुन्या आचाऱ्याने घ्यायचा आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "उतरलं", म्हणजे चव बरोबर आली. मगच वाढप सुरू करायचं. माझ्या वेळी गेणभाऊंनी म्हटलं होतं. आता मी म्हणायचं होतं. मला ते दोन महिने आधीपासून माहीत होतं.

नैवेद्य झाला. पंगत बसली होती, सहाशे-सातशे माणसं, गेल्या वर्षीचीच. साळुबाईने वाटीत आमटी आणून माझ्या हातात दिली. तिला वाटत होतं मी "उतरलं" म्हणेन आणि विषय संपेल. तिची त्याला हरकतही नव्हती. एका शब्दाचं काम होतं. मी घोट घेतला. देवाकडे बघितलं. मग वाटी तशीच हातात धरून म्हणालो, "मला हे सांगता येणार नाही. मला चव कळत नाही. साडेतीन वर्षं झाली, वासही येत नाही. गेल्या वर्षी आमटीत दोनदा मीठ पडलं, ते माझ्या हातून. देवाला तोच नैवेद्य गेला आणि तुम्ही तोच गिळलात. माझे गुडघे धड आहेत."

दूर कुणाच्या तरी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग गेणभाऊ म्हणाले, "म्हंजी ते तू व्हतास व्हय? मी दोन वाट्या प्यालो रं. मला वाटलं माजीच जीब म्हातारी झाली. वर्सभर घरात सुनंशी भांडतोय, मीट कमी टाकती म्हून."

आधी त्यांची सून हसली, मग बाया, मग सगळी पंगत. ती गेल्या वर्षीची म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

गेणभाऊंनी मला जवळ बोलावलं, माझ्या हातातली वाटी घेतली, घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. मग मान वर करून म्हणाले, "उतरलं."

मी कमरेचा झारा काढून साळुबाईच्या हातात दिला. ती म्हणाली, "आन् डबा?" मी म्हणालो, "तो आता कुठं बी ठेव."

वाढप सुरू झालं. मी गेणभाऊंच्या शेजारी मांडी घालून बसलो. पत्रावळीवर भात पडला, त्यावर आमटी. चव कळली नाही. पण गरम होतं. आचारी सगळ्यांच्या मागून जेवतो, सत्तार. सव्वीस वर्षांत त्या वाडीत मी गरम जेवलो नव्हतो.

तुझा,
कुंडलिक